साखर सांगता, तसं पोटाचंही सांगा

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहा. मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी लोक सगळ्यांसमोर पुढे करतात. ‘शुगर की दवा महीने भर की दे दो’ म्हणायला आता कुणाला संकोच वाटत नाही. गोळ्या पिशवीत पडल्या की आवाज मात्र खाली येतो : ‘और पेट साफ होने का कोई चूरन हो तो वो भी.’ चूर्णाची डबी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली जाते. चार दिवसांनी डॉक्टरांकडे गेल्यावर साखरेचे आकडे सांगितले जातात, पण डबीचा विषय निघत नाही.

तो निघायला हवा, कारण मधुमेह असलेल्या माणसाचा बद्धकोष्ठ बहुतेक वेळा त्याच्या मधुमेहाशी, त्यावरच्या औषधांशी आणि त्यासाठी बदललेल्या खाण्यापिण्याशी बांधलेला असतो. चूर्णाने चार दिवस पोट साफ होतं आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. भारतात २०२१ साली अंदाजे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता, असं आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून पुढे आलं. त्यातल्या कितीतरी जणांची सकाळ या त्रासात जाते आणि घरातसुद्धा त्याची वाच्यता होत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. रोज शौचाला झालं नाही म्हणजे बद्धकोष्ठ झाला, असं नाही. दिवसातून दोनदा होणं जितकं निरोगी, तितकंच एक दिवसाआड होणंही, मात्र त्रास न होता झालं पाहिजे. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, खडे पडत असतील, कुंथावं लागत असेल किंवा होऊनही पोट पूर्ण साफ झाल्यासारखं वाटत नसेल, तर त्याला बद्धकोष्ठ म्हणतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ साली मलाच्या सात प्रकारांचा तक्ता प्रसिद्ध केला. पहिला प्रकार सुटे टणक खडे, सातवा निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा, म्हणजे वळलेला, मऊ, सहज सुटणारा, हे चांगले. डॉक्टरांशी बोलताना लाज वाटत असेल तर या तक्त्यातला नुसता क्रमांक सांगितला तरी त्यांना कळतं.

मधुमेहात हे का होतं?

रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात आणि साखरेबरोबर पाणीही जातं. शरीराला पाणी कमी पडलं की मोठं आतडं मलातलं उरलंसुरलं पाणी शोषून घेतं आणि मल टणक होतो. वारंवार लघवी, सुकलेलं तोंड आणि खडे पडणं एकाच वेळी सुरू झालं असेल, तर आधी ग्लुकोमीटर हातात घ्या. साखर आटोक्यात आली की काहींचं पोट आपोआप मार्गी लागतं.

दुसरं कारण सावकाश येतं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की मज्जातंतू दुखावतात. पायांच्या तळव्यांना मुंग्या येतात, जळजळ होते, हे बहुतेकांना माहीत असतं. आतड्यांना हलतं ठेवणारे मज्जातंतूही तसेच दुखावतात, हे फार थोड्यांना कुणी सांगितलेलं असतं. मग आतडी मंदावतात. काहींना आठ दिवस बद्धकोष्ठ आणि मग अचानक, बऱ्याचदा रात्री, जुलाब, असं आलटून पालटून होतं. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पोटाची तक्रार डॉक्टरांना मुद्दाम सांगावी.

तिसरं कारण औषधं. इथे थोडं थांबू, कारण सुधारणेला सगळ्यात जास्त वाव इथे असतो. मेटफॉर्मिनने सहसा उलटं होतं, पोट सैल पडतं. पण वजन आणि साखर दोन्ही उतरवणारी जी नवी आठवड्याची इंजेक्शनं निघाली आहेत, सेमाग्लुटाइड आणि टिरझेपाटाइड, त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं, भूक मरते, खाणं-पिणं दोन्ही कमी होतं आणि बद्धकोष्ठ ही त्यांची नेहमीची तक्रार आहे, विशेषतः डोस वाढवल्यानंतर. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, म्हणजे पाणीही जातं. त्यातच रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल तर भर पडते.

मधुमेहाबाहेरची औषधंही असतात. रक्त वाढवायची लोहाची गोळी, कॅल्शियम, काही पित्तशामक पातळ औषधं, पायांच्या जळजळीसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन किंवा प्रेगाबालिन, वेरापामिल, दुखण्यावरची ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, या सगळ्यांनी आतडी मंदावू शकतात. घरात तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या असतात आणि तिन्ही एकत्र कुणीच पाहिलेल्या नसतात. म्हणून पुढच्या भेटीला सगळ्या पट्ट्या, बाटल्या आणि ती चूर्णाची डबीसुद्धा एका पिशवीत घालून न्या. कुठलंही औषध मनाने बंद करू नका. बऱ्याचदा नुसती वेळ बदलून, डोस हळू वाढवून किंवा पर्याय देऊन काम भागतं.

थायरॉइडचं काम मंदावणं हेही मधुमेहींमध्ये बरंच आढळतं आणि त्याचं एक लक्षण बद्धकोष्ठच आहे. त्याची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते.

ताटात काय आहे ते बघू

नागपूरकर बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला आले, तेव्हापासून छत्तीसगडात मराठी घरं रुजत गेली. रायपूरच्या मराठी घरातलं ताट दोन्हीकडचं आहे. सकाळी पोहे, उपासाला साबुदाणा, दुपारी वरण-भात, रात्री पुन्हा भात. बाहेर फरा, चीला, चौसेला, तेही तांदळाचेच. तांदूळ वाईट नाही, पण पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅममागे तंतू जेमतेम ३ ग्रॅम. ज्वारीत साधारण १०, कोंड्यासकट गव्हाच्या पिठात ११, नाचणीतही ११च्या आसपास. कोदो-कुटकीचं नाव हल्ली खूप ऐकू येतं. त्यांत साधारण ६ ते ८ ग्रॅम तंतू असतात, म्हणजे तांदळाच्या दुपटीहून जास्त, पण ज्वारीपेक्षा कमी. तेव्हा महागडं पाकीट आणण्याआधी रात्रीच्या भाताच्या जागी ज्वारीची भाकरी आणा, फरक लवकर दिसेल. अर्थात भाकरी झाली तरी पिष्टमय पदार्थच तो. दोनाच्या चार होऊ देऊ नका.

खरी श्रीमंती इथल्या भाज्यांत आहे. छत्तीस भाज्यांचा प्रदेश म्हणून छत्तीसगडी माणूस अभिमानाने सांगतो, आणि टुरी हटरीच्या बाजारात पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गेलात तर तो अभिमान पटतो. लाल भाजी, चेच, अमारी म्हणजे आपली अंबाडी, मुनगा म्हणजे शेवग्याचा पाला, करमता, हिवाळ्यात तिवऱ्याचा कोवळा पाला, पहिल्या पावसानंतर चरोटा, ज्याला आपण टाकळा म्हणतो. चेच शिजली की बुळबुळीत होते. हा बुळबुळीतपणा पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंचा असतो आणि तो मल मऊ ठेवतो, साखरही सावकाश चढू देतो. मराठी घरांत अजूनही या भाज्यांकडे ‘त्यांची’ भाजी म्हणून बघितलं जातं आणि मेथी-पालकावर भागवलं जातं, याचं वाईट वाटतं. दारात येणारी एवढी चांगली गोष्ट आपण सोडतो. दोन्ही जेवणांत एकेक मोठी वाटी पालेभाजी किंवा फळभाजी आणि तिच्याबरोबर सालासकट मूग, चणे किंवा मसूर असू द्या. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरावा, पाव भाग डाळ-उसळीने किंवा मासे-अंड्याने आणि भात किंवा पोळी उरलेल्या पावात बसवावी.

बासीबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्यासोबत खायची ही पद्धत उन्हाळ्यात अंगात पाणी टिकवते. थंड झालेल्या भातातलं काही पिष्ट न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथल्या जिवाणूंच्या उपयोगी पडतं. पण भात तो भातच. मधुमेहींनी एक छोटी वाटी भाताची बासी घ्यावी, मीठ बेताचं, सोबत भाजी भरपूर, आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी एकदा साखर मोजून बघावी. तो आकडा कुणाच्याही सल्ल्यापेक्षा खरा. उन्हाळ्यात उघड्यावर राहून आंबूस वास आलेला किंवा तार सुटलेला भात मात्र टाकून द्या.

फळांत बिही, म्हणजे पेरू, सगळ्यात वर. एक मध्यम पेरू बियांसकट, सालासकट चावून खा. एक वाटी पपई चालते. रस नको, कारण रसात साखर राहते आणि चोथा जातो. भिजवलेली दोन अंजिरं काहींना लागू पडतात, पण ती साखरेच्या हिशेबात धरावी लागतात. गुलकंद, मध घातलेलं गरम पाणी, गूळ घातलेलं दूध, हे पोटासाठी म्हणून सुचवलं जातं आणि साखर चढवतं. हे टाळा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा : तंतू हळूहळू वाढवा. आज भात आणि उद्या एकदम भाकरी, कोशिंबीर, चणे, इसबगोल असं केलंत तर पोट फुगेल, वात धरेल आणि तिसऱ्या दिवशी सगळं सोडून द्याल. पहिल्या आठवड्यात फक्त दुपारची भाजी वाढवा. दुसऱ्या आठवड्यात उसळ आणा. मग रात्रीची भाकरी. तंतू आणि पाणी बरोबरीने वाढायला हवेत, नाहीतर बद्धकोष्ठ वाढतो.

चार घासांतच पोट भरत असेल, मळमळत असेल, सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडत असेल, तर तंतू मुळीच वाढवू नका. जठर वेळेवर रिकामं होत नसल्याची ती खूण असते, आणि अशा वेळी चोथा पोटात साचून गोळा होऊ शकतो. आधी डॉक्टर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पालेभाज्या, फळं आणि पाणी यांचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच धरा, या लेखातलं नाही. हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल त्यांनाही हेच लागू.

पाण्याचं सांगायचं तर रायपूरचा मे महिना ४४ अंशांपर्यंत जातो आणि नौतपाच्या नऊ कडक दिवसांत घाम किती गेला हे कळतही नाही. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणून तहानेवर विसंबू नका. बंधन नसलेल्या बहुतेकांना दिवसाला दोन ते अडीच लिटर पुरतं, भर उन्हाळ्यात थोडं जास्त. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला पाहिजे. साखर न घातलेलं पातळ ताक उत्तम. उसाचा रस आणि साखरेचं पन्हं नको.

पोट जड आहे म्हणून जेवण सोडू नका

यावर मी आवर्जून जोर देणार आहे. पोट साफ झालं नाही की आपल्याकडे लंघन करतात. वडीलधारी माणसं म्हणतात, आज रात्री काही खाऊ नकोस, पोटाला विश्रांती दे. मधुमेह नसलेल्याला एक रात्र उपाशी राहून काही होत नाही. पण इन्सुलिन घेतलेल्या किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेल्या माणसाने रात्रीचं जेवण टाळलं, तर औषध आपलं काम करत राहतं आणि साखर ७०च्या खाली घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. झोपेत झालं तर कुणाला कळतही नाही. असं झालं की शुद्धीत असताना लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडण्याचं कामच त्या गोळीने रोखलेलं असतं. अशांनी ग्लुकोजची पूड घरात ठेवलीच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

पोट जड असेल तर हलकं खा, पण खा. मुगाची पातळ खिचडी, भाजीचं सार, ताक. एकादशीचंही तेच. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. तिच्यात चोथा नसतो, साखर मात्र झपाट्याने चढते, आणि द्वादशीला पोट अडतं. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, आणि साबुदाण्याऐवजी राजगिरा, दही, काकडी, दुधी, पेरू यांवर भर द्या.

सकाळची पंधरा मिनिटं

काही खाल्लं-प्यालं की मोठं आतडं हलतं. सकाळी ही हालचाल सर्वांत जोरकस असते. म्हणून चहा-नाश्त्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांनी, रोज त्याच वेळी, जाऊन बसा, कळ आलेली नसली तरी. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल बाहेर ठेवा. कमोड असेल तर पायांखाली सहा-आठ इंच उंचीचा पाट घ्या, गुडघे वर येऊ द्या, किंचित पुढे वाका. जुन्या घरांतले भारतीय पद्धतीचे संडास या कामी चांगले, पण पायांची संवेदना गेलेल्या आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या माणसासाठी भिंतीला धरायची दांडी बसवून घ्या. तोल गेला तर मांडीचं हाड मोडू शकतं.

कळ दाबून ठेवू नका. हे सांगणं सोपं आहे. पुरानी बस्तीतल्या गल्ल्यांत एकेका वाड्यात चार बिऱ्हाडं आणि एक संडास असतो, सकाळी पुरुषांची आणि शाळेच्या पोरांची घाई असते आणि घरातल्या बाईचा नंबर डबे भरून झाल्यावर लागतो. तोवर कळ निघून जाते, आणि वर्षानुवर्षं असं झालं की आतडं सांगणंच सोडून देतं. घरात मधुमेही आई, सासू, बायको असेल तर तिला सकाळची तिची ठरलेली वेळ द्या. डबा पाच मिनिटं उशिरा भरला तर बिघडत नाही.

कुंथू नका, याला मधुमेहात आणखी एक कारण आहे. डोळ्यांच्या पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या आलेल्या असतील, तर जोराने कुंथल्यावर त्या फुटून डोळ्यात रक्त उतरू शकतं. पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी.

चालण्याबद्दल थोडक्यात : सकाळी बूढा तालाबच्या काठाने अर्धा तास, आणि प्रत्येक जेवणानंतर घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतरच्या चालण्याने साखरही कमी चढते आणि आतडीही हलतात. पाय बधिर असतील तर अनवाणी किंवा उघड्या चपलेत नको.

औषध कुठलं

एवढ्याने भागलं नाही तर पहिली पायरी इसबगोल. एक चमचा, मोठ्या पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं, वरून आणखी एक पेला पाणी. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. लगेच आडवं होऊ नका. परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. साखर आणि कोलेस्टेरॉल थोडं कमी व्हायलाही त्याची मदत होते. मात्र चवीच्या पाकिटांत साखर असते, म्हणून साधा इसबगोल घ्या. गिळायला त्रास असेल किंवा जठर मंदावलेलं असेल त्यांनी घेऊ नये.

त्यापुढची औषधं डॉक्टरांना विचारून. मॅक्रोगोलची पूड मलात पाणी धरून ठेवते आणि तिने साखर वाढत नाही. लॅक्टुलोजच्या पातळ औषधात थोडी साखर असते, नेहमीच्या मात्रेत ती सहसा जाणवत नाही, तरी सुरू केल्यावर आठवडाभर आकड्यांवर लक्ष ठेवा. मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांनी मॅग्नेशियमचं दुधासारखं पांढरं औषध आणि फॉस्फेटचा एनिमा घरी वापरू नये.

आणि ती चूर्णाची डबी? बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला ढकलते, चार-आठ दिवस घ्यायला हरकत नाही. महिनोन्‌महिने, मात्रा वाढवत घेतली तर जुलाबांवाटे पोटॅशियम जातं. काहींत ज्येष्ठमध असतो, तो जास्त दिवस पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. डबीवरची यादी वाचा. आयुर्वेदाचीच वाट धरायची असेल तर रायपुरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथल्या वैद्यांना आपल्या मधुमेहाच्या गोळ्या दाखवून औषध घ्या. घरगुती एरंडेल मात्र नको.

पुढची लक्षणं दिसली तर कुठल्याही उपायाची वाट पाहू नका. पोट फुगलं आहे, उलट्या होत आहेत आणि वातही सरत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. मलात रक्त, विनाकारण उतरलेलं वजन, रक्त कमी असणं, पन्नाशीनंतर प्रथमच बदललेली सवय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यांतलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. ‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडू नका. बरेच दिवस पोट अडलेलं असताना अचानक पातळ गळू लागलं तर ते जुलाब नसून अडकलेल्या गोळ्याच्या कडेने झिरपणारं पाणी असू शकतं. त्यावर जुलाब थांबवायची गोळी घेतली तर प्रकृती आणखी बिघडते.

भेटीला जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर लिहा : कोणत्या दिवशी झालं, तक्त्यातला क्रमांक काय, कुंथावं लागलं का, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर किती. कुठली गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी सुरू झाला, हे शेजारी शेजारी मांडलं की निम्मं निदान तिथेच होतं. आंबेडकर रुग्णालयात, ज्याला सगळं रायपूर मेकाहारा म्हणतं, किंवा टाटीबंधच्या एम्समध्ये बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते आणि डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, तिथे हा कागद फार कामाला येतो. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, थायरॉइड, क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन, या तपासण्या अलीकडे झाल्या नसतील तर करायच्या का, हे तुम्हीच विचारा. खाणं, पाणी, वेळ आणि औषध सांभाळूनही महिनाभरात फरक नसेल, कळ येते पण बाहेर पडत नाही असं वाटत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वेळेवर सैल होत नसण्याची शक्यता असते. त्यावर चूर्णाचा उपयोग नाही. पोटाच्या तज्ज्ञाकडे तपासणी होते आणि ते स्नायू सैल सोडायचा सराव शिकवला जातो.